जुन्या खेळांचा नवा बाजार



व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा आपल्या चिटणीसांनी कागदावरून मान वर करून मला विचारले, "बाजार म्हणजे? वकिली सोडून खेळण्यांचे दुकान काढता की काय?" मी म्हणालो, दुकान काढण्याचे वय गेले, परंतु एका दुकानदारीत मी एकदा चांगलाच फसलो आहे, तेवढे सांगण्यापुरता वेळ द्या. तो त्यांनी दिला. आता उकाडा आहे, पंखे आपल्या परीने फिरत आहेत, तेव्हा फार पाल्हाळ लावणार नाही.

गंगाखेडला आमचा जुना माळवदी वाडा होता. त्याच्या ढाळजेत, चातुर्मासात पाऊस लागला आणि शेतीची कामे अडली, की आमच्या आत्याबाई एक लाकडी पेटी काढून बसत. पेटीला सरकते झाकण होते आणि त्यावर रंग उडालेले एक चित्र होते. आत वाटोळी पाने, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, लाखेने चमकणारी. ती दशावतारी गंजिफा. आत्याबाई, शेजारचे एक गुरुजी आणि माझे आजोबा अशी तिघे बसत. आम्हां पोरांना पानाला हात लावण्याची मनाई होती. कंदिलाची काच पुसणे आणि चहाच्या कपबशा नेणे ही आमची कामे. आत्याबाईंना अक्षरओळख बेताची होती. पण एकशेवीस पानांपैकी कोणती गेली आणि कोणती कोणाच्या हातात उरली, हे त्या मनात धरून बसत, आणि गुरुजी हरले की "शाळेत शिकवता काय?" असे विचारीत.

आत्याबाई गेल्या. पुढे १९८९ साली माळवद उतरवायला काढले तेव्हा शहरातून एक व्यापारी आला. पितळी समई, जुना अडकित्ता, एक सारीपाट आणि ही पेटी असा त्याने गठ्ठा केला आणि माझ्या हातावर तीनशे रुपये ठेवले. मला तो सौदा लाभाचा वाटला. खरे सांगायचे तर संध्याकाळी मी घरात पेढे आणले.

दहाबारा वर्षांनी एका कामासाठी मुंबईस गेलो असता एका उपाहारगृहाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत नऊ वाटोळी पाने लावलेली पाहिली. ती आमचीच असे मी म्हणत नाही. म्हणण्यास पुरावा नाही आणि पुराव्यावाचून बोलू नये हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो. परंतु तिथे उभा असताना एक गोष्ट लख्ख कळली. एकशेवीसांतली नऊ पाने ज्या दिवशी चौकटीत गेली, त्या दिवशी उरलेली एकशेअकराही मेली. आता तो संच जगात कोणालाही खेळता यावयाचा नाही. आणि तरीही बाजाराच्या हिशेबात त्याची किंमत वाढलेली आहे! सुट्टी पाने विकून पूर्ण पेटीहून जास्त पैसा होतो, म्हणून पेट्या फोडल्या जातात. आजच्या माझ्या बोलण्याचा धागा तिथून निघतो.

गंजिफा हा खेळ आपल्याकडे मोगलांबरोबर आला असे सामान्यतः मानतात. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या काळच्या बारा रंगांच्या, म्हणजे एकशेचव्वेचाळीस पानांच्या गंजिफांचे वर्णन अबुल फजलने करून ठेवले आहे. पुढे आठ रंगांची, शहाण्णव पानांची मोगली गंजिफा रुळली. आपल्या लोकांनी तीत स्वतःचे देव बसवले. मत्स्य, कूर्म, वराह असे करीत कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. परदेशी वस्तू घेऊन ती इतकी घरची करावी की आत्याबाईंसारख्या सोवळ्यातल्या बाईने ती देवघराशेजारी ठेवावी, ही आपल्या समाजाची मोठी करामत म्हटली पाहिजे.

खेळाची रीत थोडक्यात सांगतो. पाने वाटोळी असल्याने ती पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून हाताने कालवावी लागतात. तिघांना चाळीस चाळीस पाने येतात. हुकमाचा वेगळा रंग नाही. पाच रंगांत राजा, प्रधान, मग दश्शी, नव्वी असे उतरत जायचे. उरलेल्या पाच रंगांत राजा, प्रधान आणि मग एक्का मोठा, दुर्री त्याखाली, दश्शी सर्वांत हलकी. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची पहिली उतारी. रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. राजासोबत एक हलके पान टाकून तो खेळ उघडतो. बुद्धी लागते, पण त्याहून स्मरण लागते.

हे सारे मला आत्याबाईंकडून कळलेले नाही. मी ते पुढे पुस्तकांतून गोळा केले. घरात पन्नास वर्षे चाललेला खेळ मी म्हातारपणी छापील कागदावरून शिकलो, ही माझ्या कर्माची कथा.

आता सावंतवाडी. तिथल्या चितारी मंडळींचा हा पिढीजात धंदा. कापडावर चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा लेप, तो घोटून वाटोळी चकती कापायची, रंगकाम करायचे आणि वर लाख चढवायची. यंत्रावर छापलेले बावन्न पत्त्यांचे जोड स्वस्तात मिळू लागले तेव्हा ह्या धंद्याला ओहोटी लागली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तर हे काम जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरली नव्हती. त्या वेळी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तिथल्या वृद्ध कारागिराकडून ही विद्या जाणून घेतली, राजवाड्यात कारखाना काढला आणि नव्या मुलांना ब्रश हाती धरायला शिकवले. आज तिथे पाने तयार होतात, पाहुण्यांना पाहायला मिळतात, विकत घेता येतात. भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. राजघराण्याने नुसते वाड्याचे कौतुक करीत न बसता हे काम केले, याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.

पण विकत घेणारा कोण, हेही विचारले पाहिजे. हाताने रंगवलेला पूर्ण संच हजारोंच्या घरात जातो, आणि तो जाणेही योग्यच. त्यामागे कारागिराचे किती दिवस आहेत! मात्र इतक्या किमतीची वस्तू कोणी पावसाळ्यात ढाळजेत बसून, चहाचे थेंब सांडीत खेळत नाही. ती भेटीदाखल दिली जाते, कपाटात ठेवली जाते. चितारी वाचला. खेळगडी वाचला की नाही, हा प्रश्न निराळा आहे.

आणखी एक अडचण पाहा. गंजिफेचा एक जोड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. वस्तू जितकी चांगली तितके गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येत नाही. पीठ संपते, तेल संपते, वहीची पाने संपतात. खेळ संपत नाही. खेळ विकणाऱ्यापुढे हे संकट नेहमीच असते, आणि त्याचा उलगडा मला सावंतवाडीत न होता माझ्या नातवाच्या खोलीत झाला.

हा नातू पुण्यात शिकतो. दिवाळीच्या सुटीत आला तेव्हा पिशवीतून एक जुनाट इंग्रजी पुस्तक आणि पाचसहा तऱ्हांचे फासे घेऊन आला. चौकोनी फासे मला ठाऊक. ह्यांत एक वीस बाजूंचा होता. मी विचारले, हा कोणता सारीपाट? तो म्हणाला, "आबा, ह्याला पट लागत नाही."

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. चारपाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो सांगतो, 'तुम्ही एका पडक्या गढीच्या दिंडीशी उभे आहात, आत अंधार आहे.' बाकीचे प्रत्येकी एक एक पात्र धरून बसलेले असतात; कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी चोर. जो तो आपल्या पात्राच्या वतीने बोलतो: मी पलिता पेटवतो, मी भिंत चाचपून पाहतो. जमले की फसले हे सूत्रधार ठरवतो, आणि जिथे शंका तिथे फासा. कोकणातल्या दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, हे आपणांस माहीत असेल. तसेच हे, फरक एवढाच की इथे नाटकाचा शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

ह्या जातीचा पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. लाकडासारखा दिसणारा एक खोका, आत तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर, आणि पहिली छपाई एक हजार प्रतींची. तो खेळ पुढे जगभर गेला. आणि मग प्रकाशकापुढे आमच्या चिताऱ्याचेच संकट उभे राहिले. एका पुस्तकावर पाच माणसे दहा वर्षे खेळू शकतात. मग नवा माल खपावा कसा?

त्यावर तोड निघाली ती नव्या आवृत्तीची. १९७७ ते १९७९ या काळात वाढवलेला खेळ तीन जाड पुस्तकांत निघाला, १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती. मूळ कंपनी डबघाईस आली तेव्हा १९९७ साली दुसऱ्या कंपनीने तिला विकत घेतले. तिने २००० साली तिसरी आवृत्ती काढली, २००८ साली चौथी, २०१४ साली पाचवी. दर वेळी नियम बदलले आणि नवे आले की जुने दुकानातून गेले. व्याकरणाचे पुस्तक बदलले म्हणून भाषा बदलत नाही. इथे मात्र पुस्तक बदलले की खेळच बदलतो. एका आवृत्तीत वाढलेला माणूस दुसऱ्या आवृत्तीच्या बैठकीत परक्यासारखा बसतो.

साहजिकच जुन्याची आठवण काढणारे निघाले. त्यांचे म्हणणे निव्वळ हळवेपणाचे नव्हते. जुन्या खेळात नियम थोडे आणि सूत्रधाराची विवेकबुद्धी फार. पात्र पाच मिनिटांत तयार व्हायचे आणि चूक केली तर मरायचेही. नव्यात प्रत्येक हालचालीला कलम आणि पोटकलम. कायद्याची पुस्तके चाळण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा वाद लगेच समजला.

मग बाजार दोन दिशांनी फुटला. एक दिशा चौकटीतल्या नऊ पानांची. १९७४ चा तो खोका आज हजारो डॉलरना जातो, आणि जुन्या खोक्यांत ज्यावरचे कारखान्याचे पातळ वेष्टन अजून फाडलेले नाही त्याला सर्वांत जास्त मोल. म्हणजे ज्या खेळाचा एक डावही झाला नाही तो सर्वांत मौल्यवान! कपाटात ठेवण्यासाठी बायको करण्यातला हा प्रकार. (अध्यक्षमहाराज हसत आहेत, म्हणून पुढे जातो.)

दुसरी दिशा मला अधिक मोलाची वाटते. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी आपल्या नियमांच्या मजकुराचा मोठा भाग इतरांना वापरण्याची खुली परवानगी दिली होती. त्याशिवाय अमेरिकेत जुना पायंडा आहे. बेकर विरुद्ध सेल्डन हा १८७९ चा म्हणून ओळखला जाणारा निवाडा हिशेबवहीच्या एका पद्धतीबद्दलचा. न्यायालय म्हणाले, पद्धत समजावणाऱ्या पुस्तकावर लेखकाचा हक्क आहे; पद्धतीवर त्यामुळे हक्क येत नाही. तोच न्याय खेळाला लावला तर असे होते की नियम कोणाचे नाहीत, नियम सांगणारी वाक्ये मात्र ज्याची त्याची. ह्या दोन आधारांवर स्टुअर्ट मार्शल आणि मॅट फिंच या दोघांनी २००६ साली जुन्या आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत लिहून फुकट वाटले. त्या पुस्तकाचे नाव 'ओस्रिक'. पाठोपाठ तशी आणखी पुस्तके निघाली. आता गंमत पाहा: नियम फुकट झाल्यावर विक्री थांबायला हवी होती. ती वाढली. खेळायला माणसे मिळाली, त्यांना नवी कथानके हवीत, नकाशे हवेत, चांगल्या बांधणीचे पुस्तक हवे. घरी बसून चार पानांची कथानके लिहिणारे आणि विकणारे शेकडो लोक उभे राहिले.

मूळ मालकांनाही हे दिसले असावे. २००९ साली त्यांनी जुन्या पुस्तकांच्या संगणकी प्रतींची विक्री बंद केली होती, कारण चोरट्या प्रतींचे सांगितले. २०१२ साली त्यांनीच पहिल्या आवृत्तीची तीन पुस्तके पुन्हा छापली आणि २०१३ साली जुन्या प्रतींची विक्रीही पुन्हा सुरू केली. पुढे २०२३ च्या जानेवारीत ती खुली परवानगी आवळण्याचा बेत बाहेर फुटला तेव्हा खेळणाऱ्यांनी असा गिल्ला केला की कंपनीला माघार घ्यावी लागली, आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम कायमचे सर्वांना खुले करावे लागले.

आपल्याकडची गोष्ट ह्याशी ताडून पाहिली म्हणजे जरा लाज वाटते. पचिशीला 'पारचिसी' नाव देऊन १८७४ साली अमेरिकेत एका कंपनीने व्यापारचिन्ह नोंदवले. १८९६ साली इंग्लंडात लुडोचे पेटंट निघाले. तोच लुडो आपण पुठ्ठ्यावर छापलेला दुकानातून आणतो आणि आजीचा सारीपाट माळ्यावर ठेवतो. सापशिडीचेही तसेच. आपल्या मराठवाड्यात मोक्षपट ज्ञानेश्वर माउलींनी रचला असे मोठ्या श्रद्धेने सांगतात. श्रद्धेला माझा नमस्कार. परंतु त्या काळचा पुरावा दाखवता येत नाही, आणि जे पट पाहायला मिळतात ते बहुतेक बऱ्याच पुढच्या काळातले आहेत. ह्या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन या डॅनिश विद्वानाने प्रबंध लिहिला, २०१९ साली. डेन्मार्कच्या माणसाने आपल्या पटावरची घरे मोजावीत, आणि आपण माउलींचे नाव घेऊन स्वस्थ बसावे!

अर्थात आपल्याकडे कोणी काही केलेच नाही असे नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हरिकृष्ण शर्मा या पंडितांनी १८७१ च्या सुमारास 'बृहज्ज्योतिषार्णव' या आपल्या प्रचंड ग्रंथात 'क्रीडाकौशल्य' नावाचा भाग घातला आणि बैठ्या खेळांच्या रीती संस्कृतात लिहून ठेवल्या. ज्योतिषाच्या ग्रंथात बुद्धिबळ आणि गंजिफा! आपल्याच रेल्वेच्या रस्त्यावरचे हे गाव, पण शाळेत त्यांचे नाव मी कधी ऐकले नाही. देशी बुद्धिबळाचे पाहा. प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चालायचे, शह न लागलेल्या राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची, आणि प्यादे शेवटच्या घरी पोचले की ज्या मोहऱ्याचे घर तेच व्हायचे. आंतरराष्ट्रीय नियम आले हे बरेच झाले. त्यावाचून आपली मुले जगात खेळती ना. पण ती जुनी आवृत्ती आज खेळून दाखवणारे किती आहेत? हुतूतूतही संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार होते. नियम एक करताना एक प्रकार राहिला, बाकीचे गेले. एक करणे आवश्यक होते असे मी मानतो. गेलेले लिहून ठेवणेही आवश्यक होते.

माझ्या नातवाने मला विचारलेला प्रश्न मी अजून मनातून काढू शकलो नाही. सगळे ऐकून तो म्हणाला, "आबा, पेटी विकली ते जाऊ द्या. पण पेटी होती तोपर्यंत, आत्याआजी होत्या तोपर्यंत, तुम्ही विचारलं का नाही?" मी काही उत्तर दिले नाही. पेटीचे तीनशे रुपये आले, ते हिशेबात लिहिलेले आहेत. आत्याबाईंना न विचारलेल्या गोष्टी कोठेच लिहिलेल्या नाहीत, आणि सावंतवाडीचा कितीही कुशल चितारी त्या रंगवून देऊ शकणार नाही.

गेल्या वर्षी मी सावंतवाडीस जाऊन एक संच घेऊन आलो. पेन्शनीतून ही उधळपट्टी, असे घरच्यांचे मत पडले. पहिल्याच सुटीत नातू, त्याची आई आणि मी असे तिघे खेळावयास बसलो. सुनेने सतरंजीवर चादर अंथरली, मी सर्वांचे कप दूर ठेवायला लावले, आणि नातवाने मला बजावले की संच जपण्यासाठी नसून खेळण्यासाठी आणला आहे. पहिला डाव ठीक झाला. दुसरा सुरू करताना संध्याकाळ झाली होती आणि वाद उभा राहिला. दिवसा राम, रात्री कृष्ण, हे पुस्तकात आहे, दिवेलागणीला कोण? नातवाच्या हाती कृष्णाचा राजा होता, म्हणून त्याच्या मते रात्र झाली होती. सुनेच्या हाती रामाचा राजा. ती खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, अजून उजेड आहे.

तेव्हा मला एकदम आठवले. ढाळजेत असाच प्रसंग आला की आत्याबाई पाने पालथी धरून आम्हां पोरांना हाक मारीत: "कंदील लावला का रे?" लावला असेल तर कृष्ण, नसेल तर राम. काच पुसण्याचे माझे काम त्या खेळातले एक कलम होते, आणि हे मला सत्तरी उलटल्यावर कळले! मी ते सांगितले. नातवाने लगेच हरकत घेतली की आपल्या घरात विजेचा दिवा दुपारपासूनच चालू आहे, मग सकाळीही कृष्णच काय? सून म्हणाली, वीज गेली तर? त्यावर निकाल लागला नाही आणि खिचडी निवून गेली. नातवाने पुस्तकाच्या समासात ते कलम लिहून ठेवले आहे, 'गंगाखेडची रीत, दिव्याचा प्रश्न शिल्लक' असे.

माझ्याजवळ आज एक कोरी वही आहे. ह्या मंडपात ऐंशीच्या पुढचे कोणी असतील, किंवा ज्यांच्या घरी अशी माणसे असतील, सेलूची असोत, जिंतूर, पाथरी, मानवत, पूर्णा कोठलीही, आणि त्यांना गंजिफा, सारीपाट, देशी बुद्धिबळ यांतली एखादीही घरगुती रीत आठवत असेल, त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर मला ह्या टेबलापाशी भेटावे. दिवेलागणीला तुमच्या घरी काय करीत, हे मी आधी विचारणार आहे.